लाल रिबिनीवरचे बारा शब्द

छत्री न मिटताच फेराये सोनाराच्या दुकानात शिरली आणि छत्रीच्या टोकाने काउंटरवरचा अंगठ्यांचा ट्रे पार उलटा झाला.

"अहो, हळू! सोनं आहे... कुठे पळून जात नाहीये."

काउंटरमागचा तरुण अंगठ्या वेचायला खाली वाकला. तीही वाकली. डोक्यावर डोकं आपटलं नाही एवढंच, बाकी जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलं असावं. कारण तो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत अंगठ्या होत्या आणि ट्रे समोर असूनही त्या कुठे ठेवायच्या हे त्याला सुचत नव्हतं.

"छत्री आता मिटलीत तरी चालेल," तो म्हणाला. "आमचं छप्पर अजून गळायला लागलेलं नाही."

ती लाजली, हसली, मग आपण लाजलो याचाच तिला राग आला. रागातच तिने पर्समधून आजीची बांगडी काढून काचेवर ठेवली. "मोडायची आहे."

त्याने बांगडी उचलली. तराजूवर ठेवण्याआधी बोट तिच्या कडेवरून एकदा हलकेच फिरवलं, तिथे एका बाजूला ती झिजून पातळ झाली होती. आजी कणीक मळताना ती बांगडी परातीवर घासायची. हे याला कसं कळलं, असं फेरायेला उगीचच वाटून गेलं.

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"मग कुणी आजारी...?"

"नाही हो. भट्टी घ्यायची आहे. टाइल्स भाजायची. आणि तोवर पैसे डिजिटल डॉलरमध्ये ठेवायचेत."

त्याने बांगडी परत काचेवर ठेवली. "म्हणजे सोनं विकून हवा विकत घेणार!"

"आणि लिरामध्ये ठेवून काय करू? हवाच होते त्याची, फक्त हळूहळू!" फेरायेचा आवाज चढला. "दोन वर्षांपूर्वी भट्टीला जेवढे लिरा लागत होते तेवढे मी जमवले, कळलं? जमवले! तोपर्यंत भट्टी दुप्पट महाग झाली. बस सुटली म्हणून मागे धावावं आणि ड्रायव्हरने आरशात बघून वेग वाढवावा, तसं चाललंय माझं."

"म्हणूनच तर सोनं—"

"तुमचं सगळ्यात छोटं नाणंसुद्धा माझ्या आठवड्याच्या पगारात येत नाही. मला दर शनिवारी थोडं थोडं टाकायचंय. बांगडीचा कोपरा कापून टाकता येतो का दर शनिवारी?"

बाहेर तळ्यावरून आलेला पाऊस दुकानाच्या काचेवर तिरका आपटत होता. मग त्याने बांगडी तोलली, पावती केली, दरात एका पैशाची लबाडी केली नाही. पैसे मोजून देताना म्हणाला, "मी येक्ता. तुमची हवा कधी उडाली तर... सोनं इथेच असतं."

"मी फेराये. आणि उडणार नाही."

दारातून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की छत्री आतच राहिली. परत जायचं नाही म्हणून ती भिजत घरी गेली. हट्टीपणात आमच्या इझनिक गावच्या मुली कुणाला हार जात नाहीत.

फेराये टाइल्स रंगवायची. निळा रंग सगळ्यांनाच जमतो. तिचा जीव होता लाल रंगावर, जो बोटाला किंचित उंच लागतो तो. पण तिला स्वतःची भट्टी नव्हती. ती दुसऱ्याच्या भट्टीत जागा भाड्याने घ्यायची आणि तो मालक विजेचं बिल वाचवायला आंच मनाला येईल तशी कमी-जास्त करायचा. महिना खपून रंगवलेली ट्यूलिपची फुलं भट्टीतून विटकरी होऊन बाहेर यायची. दर वेळी ती त्या टाइल्स घरी नेऊन पलंगाखाली सरकवायची आणि आईला सांगायची, "बऱ्या झाल्यात." आई त्या दिवशी जेवायला तिच्या आवडीचं करायची.

भट्टी आली की लाल रंग येणार होता. बस्स, एवढंच होतं तिचं स्वप्न. पण भट्टी परदेशी, म्हणून ते युरोत होतं आणि कमाई लिरात.

दर गुरुवारी, सगळी गल्ली जिला आत्या म्हणते त्या मुझेय्यन आत्याकडे बायकांची सोन्याची भिशी बसायची. प्रत्येकीने सोन्याचं एक छोटं नाणं आणायचं, महिनाअखेरच्या गुरुवारी जिचा नंबर असेल तिला सगळी नाणी. चहा, चीज भरलेले खुसखुशीत बोरेक, लिंबू पिळलेलं दलियाचं सॅलड आणि गावातल्या सगळ्या लग्नांची चिरफाड. पण सोनं असं काही भडकलं की बायका एकेक करून गळायला लागल्या. एकीचे गुडघे दुखायला लागले, दुसरीकडे अचानक पाहुणे यायला लागले.

"गुडघे नाही गं दुखत तिचे," आत्या म्हणाली, "नाणं दुखतंय."

"मग लिरा गोळा करा," कुणीतरी सुचवलं.

"माझा नंबर येईपर्यंत त्याची एक कोबीसुद्धा यायची नाही!"

तेव्हा फेराये हळूच म्हणाली, "डिजिटल डॉलरची भिशी करूया का? प्रत्येकीने झेपेल तेवढं टाकायचं. डॉलर जेवढ्याला तेवढंच हे नाणं. सगळं आत्याच्या फोनमध्ये जमा होईल आणि जिचा नंबर तिच्या फोनमध्ये जाईल."

"आणि फोन पडला चहात तर?"

"तर नवा फोन घ्यायचा आणि बारा शब्द लिहायचे. सुरू करतानाच मिळतात ते. तेच खरी किल्ली, आत्या. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचा पैसा! कुणाला दाखवायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, जिवापाड जपायचे."

मुझेय्यन आत्याने ते वाक्य कुराणातल्या आयतीसारखं पाठ केलं. ज्याच्याकडे शब्द, त्याचा पैसा. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

पहिले दोन गुरुवार सगळ्याजणी जीव मुठीत धरून फोनकडे बघत बसल्या. तिसऱ्या गुरुवारी गुडघे बरे झाले, पाहुणे गेले आणि भिशी पुन्हा भरली. चौथ्या गुरुवारी आत्याच्या दारात येक्ता उभा होता. हातात तिची छत्री.

"माझी गिऱ्हाइकं पळवलीत तुम्ही," तो म्हणाला. "वडील दुकानात बसून माशा मारतायत."

"छत्री द्यायला आलात की भांडायला?"

"दोन्ही. पण... भांडायचं तर आधी समजून घ्यायला हवं ना? मला शिकवाल हे?"

आतून सगळ्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. चहाच्या कपात चमचे फिरायचेही थांबले. मग मुझेय्यन आत्या मोठ्याने म्हणाली, "फेराये, मुलाला आत बोलव. आणि कॉफी नको हं देऊस, चहाच दे. कॉफीत मीठ घालायची वेळ अजून आलेली नाही!"

बायका खो-खो हसल्या. मागणी घालायला आलेल्या मुलाच्या कॉफीत मुलीने मीठ घालायचं आणि त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची, हे येक्तालाही चांगलं माहीत होतं. त्याचे कान असे लाल झाले की फेरायेला वाटलं, हाच तो रंग! असाच्या असा भट्टीतून बाहेर यायला हवा.

तळ्याकाठच्या चहाच्या बागेत त्यांचे धडे सुरू झाले. दुपारी दुकान थंड असायचं तेव्हा तो यायचा. पाऊस असला की मोठ्या चिनाराखालचं टेबल धरायचे आणि पानांवरून निथळणारे थेंब चहात पडू नयेत म्हणून बशी वर झाकायचे.

"हे पाकीट. हा पत्ता, हा कुणालाही दिला तरी चालतो. आणि हे बारा शब्द—"

"कुणालाही द्यायचे नाहीत. कळलं."

"तीन वेळा सांगितलंय, आता कळलं?"

"नाही, अजून एकदा सांगा. तुम्ही 'जिवापाड' म्हणता ना, तेव्हा भुवया अशा वर जातात... ते नीट बघितलं नाही मागच्या वेळी."

"येक्ता!"

"सॉरी. पत्ता. पत्त्याचं सांगा."

तोही बोलायचा. त्याचा चुलतभाऊ अशाच एका वेबसाइटवर पैसे ठेवून बसला होता आणि एका सकाळी ती वेबसाइट मालकासकट गायब झाली होती. म्हणून त्याला भीती वाटत होती, तिच्यासाठीच. तेव्हा फेरायेने त्याची टिंगल केली नाही. म्हणाली, "म्हणूनच मी दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवत नाही. किल्ली माझ्याकडे. पण भीती मलाही वाटते हो... सकाळी उठल्यावर आधी फोन बघते. लिरा बघताना तर अजून जास्त वाटते."

येक्ताने आपला कप बाजूला सरकवला. मग तिच्याकडे वळला. "फेराये, मला तुम्हाला एक विचारायचं होतं... म्हणजे किती दिवस..."

तिच्या हातातला कप अर्ध्यात थांबला. "विचारा ना."

"ते... म्हणजे... पैसे पाठवायला फी किती लागते?"

तिने कप इतक्या जोरात ठेवला की बशीतलं पाणी टेबलावर सांडलं. "स्वस्त असते. हिंमतीपेक्षा तरी स्वस्तच!" ती उठून गेली. छत्री मात्र या वेळी विसरली नाही.

नंतर दोन आठवडे ती तिकडे फिरकली नाही. तो दुकानाच्या दारात उभा दिसला की ती रस्ता ओलांडायची आणि रस्ता ओलांडल्यावर तो आत गेला का हे वळून बघायची. शिकायचं होतं तेवढं शिकून झालं असेल त्याचं, ती स्वतःला बजावायची. काम झालं, शिक्षिका सुटली. रात्री मात्र उशीवर डोकं टेकलं की तो लाल झालेला कान डोळ्यांसमोर यायचा. काय करणार?

मग आत्याच्या पुतणीचं, सेविलचं लग्न आलं. त्या महिन्याची भिशी आत्याच्या फोनमध्ये जमा होती आणि गुरुवारी नंबर फेरायेचा होता. तिचे स्वतःचे साठवलेले आणि हे धरून भट्टीचे पैसे पुरे होत होते. एकदाचे! भट्टीवाल्याशी बोलणंही झालं होतं. त्याने जुन्या दराने द्यायचं कबूल केलं होतं, पण या आठवड्यापुरतंच.

"सेविलला मी फोनमधलंच सोनं देणार," आत्याने जाहीर केलं होतं. "म्हातारीने नवं काहीतरी दिलं म्हणतील." फेरायेने खूश होऊन आत्याच्या फोनमध्ये आहेरासाठी दुसरा कप्पा करून दिला, त्यात आत्याने पैसे टाकले. फेराये म्हणाली, "लग्नानंतर सेविलला तिचा पत्ता विचारू आणि पाठवू." आत्या "हो हो" म्हणाली आणि मनात भलतंच ठरवून बसली.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. बाहेर पाऊस, आत क्लॅरिनेट. आहेराचं सोनं टाचायला वधूच्या गळ्यात लाल रिबीन घातली, पाहुण्यांची रांग लागली आणि माइकवाला शाबान नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारायला लागला. "वराच्या मामांकडून... एक बांगडी! वधूच्या मोठ्या बहिणीकडून... दोन नाणी!" प्रत्येक पुकाराला टाळ्या. गावातले सगळे फोन स्टेजकडे रोखलेले. येक्ता वराचा मित्र, म्हणून स्टेजच्या पायरीशी उभा होता. नव्या सुटात, अवघडून. फेराये मुद्दाम मागच्या टेबलावर, त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

मुझेय्यन आत्या स्टेजवर चढली. तिने पिशवीतून दुसरी लाल रिबीन काढली. रुंद, रेशमी, सोनेरी दोऱ्याने भरतकाम केलेली. ती तिने सेविलच्या छातीवर टाचली आणि शाबानच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मुझेय्यन आत्यांकडून," शाबान गरजला, "फोनमधलं सोनं! बारा शब्द! पहिला शब्द... ऑरेंज!"

टाळ्या.

"दुसरा... रिव्हर!"

पुन्हा टाळ्या. फेराये गर्रकन वळली. ज्याच्याकडे शब्द, त्याचा पैसा. आत्याने पैसा द्यायचा म्हणून शब्दच देऊन टाकले होते! इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना एकेक अक्षर बघून बघून रिबिनीवर भरलं होतं बिचारीने. पण त्याच किल्लीने दोन्ही कप्पे उघडत होते. आहेराचा आणि भिशीचा. आणि समोर सगळा गाव फोनवर ते टिपत होता, कुणी कुणी तर तिथूनच नातेवाइकांना दाखवत होता.

ओरडावं? ओरडली तर ज्याला कळलं नव्हतं त्यालाही कळणार होतं की तिथे किल्ली लटकतेय. तिने येक्ताकडे पाहिलं.

तो आधीच तिच्याकडे बघत होता. त्याने एकदा रिबिनीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे... आणि पायऱ्या चढून वर गेला. शाबान "पाचवा शब्द" म्हणत असताना त्याने माइक हिसकावला आणि वधूच्या पुढे, रिबिनीच्या बरोब्बर समोर, भिंतीसारखा उभा राहिला.

"थांबा!... मला बोलायचंय."

क्लॅरिनेट थांबलं. सगळे फोन रिबिनीवरून त्याच्यावर आले.

फेराये धावली. आत्याला दंडाला धरून खाली ओढलं. "आत्या, फोन! अंगठा लाव, लवकर!"

"अगं, पण झालं काय? आवडलं नाही का तुला—"

"आत्या!"

अंगठ्याला बोरेकचं तूप होतं, फोन उघडेना. फेरायेने आपल्या रेशमी दुपट्ट्याला तो पुसला. उघडला, तर हॉलमध्ये रेंज नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या व्हरांड्यात पळाली. तिथे पाऊस आत येत होता आणि फोनची काच ओली होत होती, पण रेंज होती. लाऊडस्पीकरचा आवाजही तिथे स्पष्ट येत होता.

"मी येक्ता," लाऊडस्पीकर अडखळत म्हणाला. "तुम्ही ओळखता मला. सोनार. सोनं चांगलं असतं... बावीस कॅरेटचं टिकाऊ असतं..."

"हे सांगायला वर चढलास होय रे?" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

भिशीचा कप्पा. स्वतःचा पत्ता. चुकला तर सगळंच गेलं, म्हणून पुन्हा तपासला.

"नाही... ते नाही. मला एका मुलीबद्दल सांगायचंय. ती दुकानात आली आणि तिने माझा ट्रे पाडला. मी तिला म्हणालो, तू हवा विकत घेतेयस. मूर्ख होतो मी."

भिशी गेली. आता आहेर. फोनवर ते गोल चक्र फिरत होतं आणि फिरतच राहिलं.

"मी तिच्याकडे शिकायला गेलो. मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. पत्ता, पाकीट, सगळं. तरी मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. मला वाटलं, कळलं म्हणालो तर ती येणार नाही."

पाऊस फेरायेच्या बाहीवर पडत होता. तिला ते समजलंच नाही.

"तिने आजीची बांगडी मोडायला दिली होती. ती मी मोडली नाही. माझ्या पगारातून पैसे भरले आणि बांगडी ठेवून दिली. बाबा, सॉरी... तुम्हाला वितळवली म्हणून सांगितलं."

पुढच्या टेबलावरून त्याच्या वडिलांचं "अरे गाढवा!" स्पष्ट ऐकू आलं.

दोन्ही कप्पे रिकामे झाले. सगळं फेरायेच्या फोनमध्ये सुखरूप पोचलं. ती दारात आली, भिंतीला टेकली आणि हात उंच करून मान हलवली. झालं. पुरे. थांब आता.

त्याने पाहिलं. नक्की पाहिलं, कारण त्याचे खांदे खाली आले आणि त्याने मोठा श्वास सोडला. आता तो माइक शाबानला देऊन खाली उतरू शकत होता. कुणी काही म्हणालं नसतं, चार दिवस चेष्टा झाली असती, बस्स.

तो उतरला नाही.

"आतापर्यंत मी... थोडा वेळ काढत होतो," तो म्हणाला. आवाज आता अडखळत नव्हता. "आता वेळ काढत नाहीये. फेराये, त्या दिवशी तळ्याकाठी मला फी विचारायची नव्हती. माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे सांगायचं होतं. तुझी भट्टी आली की पहिली लाल टाइल बघायला मला बोलवशील का... आणि नंतरच्या सगळ्यासुद्धा?"

हॉलमधली सगळी डोकी मागच्या दाराकडे वळली. फेराये ओली, हातात आत्याचा फोन, दुपट्ट्याला बोरेकचं तूप. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसावेत असंही तिला वाटलं नाही.

"गुरुवारी घरी या," ती म्हणाली. मग इतक्या लोकांसमोर तिने 'तुम्ही' सोडूनच दिलं. "ये. वडिलांना घेऊन ये. कॉफी पाजते."

हॉल नुसता उसळला. क्लॅरिनेटवाल्याने कुणी न सांगताच सुरुवात केली. मुझेय्यन आत्या अजून गोंधळलेलीच होती, पण कॉफी हा शब्द तिला बरोबर कळला. "मीठ माझ्याकडून!" ती ओरडली.

सेविलचा आहेर दुसऱ्या दिवशी तिच्या स्वतःच्या पत्त्यावर गेला. रिबीन तिने परत दिली नाही, कारण किल्ली निरुपयोगी झाली असली तरी भरतकाम सुंदर होतं.

भट्टीचे पैसे बुधवारीच रवाना झाले. भिशीतल्या बायका म्हणाल्या, एक दिवस आधी नंबर दिला तर काही बिघडत नाही, पोरीची घाई वेगळी आहे. गुरुवारी येक्ता वडिलांसोबत आला. कॉफी घेतली, पहिला घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही.

"कशी झालीये?" फेरायेने निरागसपणे विचारलं.

"एकदम... छान."

"अजून देऊ?"

त्याने रिकामा कप पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने खिशातून बांगडी काढून बशीत ठेवली. एका बाजूला झिजलेली, जशी होती तशीच. फेरायेने ती हातात चढवली आणि कप भरायला आत गेली. या वेळी तिने साखर घातली.